विदर्भात पहिल्यांदा गाडीने फिरताना: मुक्काम आधी ठरवा, जेवण सांगून ठेवा

विदर्भात खायला काय मिळतं असं कुणी विचारलं, की तीन नावं लगेच पुढे येतात: सावजी, तर्री पोहे आणि संत्री. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही खायलाच हवीत. पण रोडगे, पाटोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, वडाभात, कळण्याची भाकर, सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) या गोष्टी रस्त्यावरच्या पाटीवर क्वचितच दिसतात. त्या घरात होतात, शेतात होतात, देवळाच्या आवारात होतात आणि कुणीतरी आधी सांगून ठेवलं असेल तर विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरातही होतात. सकाळी फोन केला तर रात्री ताटात येतात. आयत्या वेळी हॉटेलात शिरून मागितल्या तर समोर येतो तो पनीर मसाला.

म्हणून या भागात गाडी काढायची तर क्रम उलटा ठेवा. आधी मुक्काम पक्के करा, मग कुठल्या गावात कुठल्या वेळी भूक लागेल ते ठरवा आणि बघायच्या जागा त्यांच्या मधे बसवा. खाली दिलेली फेरी नागपूरहून निघून नागपूरलाच परत येते: सेवाग्राम, कौंडण्यपूर, अमरावती, चिखलदरा, मेळघाट, अकोट, शेगाव, लोणार. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास होतं. पाच मुक्काम धरा. चार मुक्कामांत बसवता येते, पण मग जेवणं गाडीत होतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यात मुद्दाम घेतलेलं नाही. तो धानाचा आणि तलावांचा प्रदेश आहे. तिथलं जेवण वेगळं, रस्ते वेगळे, त्याला स्वतंत्र आठवडा द्यावा.

कधी निघायचं

दिवाळी संपली की फेब्रुवारीअखेरपर्यंत. या काळात कोथिंबीर स्वस्त असते म्हणून सांबारवड्या होतात, शेतात तूर आणि हरभरा उभा असतो, डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा मिळतो. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्यामुळे हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग दिसतातच.

पावसाळ्यात चिखलदरा फार सुंदर असतो, धबधबे वाहतात, दरीतून ढग वर येतात. पण मेळघाटाचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतो आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. शिवाय काळी माती. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी डांबरावरून खाली उतरवायची नाही, अगदी दोन मिनिटं फोटो काढायलासुद्धा नाही. चाक रुतलं की जागच्या जागी फिरत राहतं आणि ट्रॅक्टर येईपर्यंत सुटका नसते. एप्रिल-मे तर सोडूनच द्या. अकोला, अमरावती, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारी गावं दार लावून बसतात आणि जेवण करून घालायला कुणाचाच जीव होत नाही.

मुक्काम कसे मिळवायचे

या फेरीत चार तऱ्हेचे मुक्काम येतात आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे.

पहिली तऱ्हा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहांची. जुन्या तालुक्यांच्या ठिकाणी आणि चिखलदऱ्यासारख्या थंड जागी इंग्रजी अमदानीतल्या इमारती अजून उभ्या आहेत: उंच छत, जाड भिंती, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, आवारात निंब किंवा चिंच. अर्ज त्या भागातल्या बांधकाम विभागाच्या कार्यालयाकडे करायचा असतो. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या: दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचा हक्क पहिला. तुमचं आरक्षण ऐन दिवशी रद्द होऊ शकतं. त्यात कुणाचा दोष नाही, ती इमारत त्यासाठीच बांधलेली आहे. म्हणून प्रत्येक विश्रामगृहामागे एका लॉजचा नंबर जवळ असू द्या.

दुसरी वनविभागाच्या विश्रामगृहांची. मेळघाटात सेमाडोह आणि कोलकास इथे राहता येतं आणि आरक्षण व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून होतं. हिवाळ्यातल्या सुट्ट्यांसाठी फार आधी हात-पाय हलवावे लागतात.

तिसरी आश्रम आणि देवस्थानांची: सेवाग्रामचं यात्री निवास, शेगावची भक्तनिवासं. दर माफक, खोल्या स्वच्छ, नियम मात्र कडक. मांस-मद्य नाही, रात्री उशिरा येणं नाही, प्रत्येकाचं ओळखपत्र हवं.

चौथी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासं, चिखलदरा आणि लोणारला. ती जुनी वास्तू म्हणून नव्हे, जागेसाठी घ्यायची. बाकी कुठे जमलं नाही तर ही हाताशी असतात.

आता जेवणाचं. ज्या विश्रामगृहात खानसामा आहे तिथे आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी सांगा: किती माणसं, किती वाजता पोचणार, शाकाहारी की मांसाहारी. पुढे स्वतःहून म्हणा, "भाऊ, तुमच्या घरी जे करता तेच करा." हे वाक्य बोलल्याशिवाय पाहुणा शहरातला आहे म्हणून फ्लॉवर-मटारची भाजी आणि फुलके केले जातात. पलीकडून बहुतेक असं उत्तर येतं: "मंग पाटोडी करू का जी? येतानी सांबार अन् लसूण घेऊन या बाजारातून." ते सामान आठवणीने न्या. खोलीचं भाडं शासनाला जातं. जेवणाचा खर्च आणि करणाऱ्याची मेहनत वेगळी, ती हातात आणि बिनाघासाघीस द्या.

नागपूर ते सेवाग्राम

सकाळी सातला निघा आणि नाश्ता नागपुरातच करून घ्या. तर्री पोहे खायची वेळ साडेसात ते नऊ. त्यानंतर पोहे कोरडे पडतात आणि तर्रीत नुसतं तिखट उरतं. कांदेपोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात, वर कांदा, लिंबू. पहिल्यांदा खाणाऱ्याने तर्री वाटीत वेगळी मागावी आणि अंदाज घेत घालावी.

हाच सल्ला सावजीला. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं हे जेवण आता विदर्भाच्या प्रत्येक रस्त्यावर पाटी लावून बसलेलं आहे. कुठलं चांगलं ते ओळखायची एक खूण सांगतो: जिथे दुपारी एकला ट्रकवाल्यांपेक्षा गावातली माणसं जास्त बसलेली असतात, तिथे थांबा. रस्सा वेगळा मागवा, सोबत ज्वारीची भाकर घ्या, पोळी नको. भाकरीने तिखट आवरतं.

नागपूर-वर्धा रस्त्यावर वर्धा येण्याआधी धाम नदीकाठी पवनार लागतं. विनोबांनी इथे १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी याच आश्रमात देह ठेवला. शेतात खणताना निघालेल्या जुन्या मूर्ती आवारात लावलेल्या आहेत, त्यात राम-भरत भेटीचं शिल्प आहे. ते नुसतं बघून पुढे जाऊ नका, समोर थोडा वेळ बसा.

वर्ध्यात गोरसपाक घ्या. गाईच्या तुपातला, खुसखुशीत, जरा जाडसर असा हा पदार्थ पुढचे पाच दिवस गाडीत टिकतो आणि मेळघाटात दुकान दिसत नाही तेव्हा चहासोबत उपयोगी पडतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. वर्ध्याच्या बाजारात ती मिळते, पण सुटी घेताना वायगावचीच आहे का हे विचारा.

मुक्काम सेवाग्रामला. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, १९४० साली ते सेवाग्राम झालं. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी या मातीच्या, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या वास्तू आजही रोज सारवून, झाडून राखलेल्या दिसतात. जुन्या इमारतीत राहणं म्हणजे काय, हे कळायला महाल लागत नाही. बापू कुटीच्या भिंतीवर मातीत उठवलेलं ताडाचं झाड आणि चरखा बघा, बसायची जागा किती खाली आहे ते बघा, उन्हाळ्यातही आत गारवा का राहत असेल त्याचा विचार करा. संध्याकाळी सहाच्या सुमारास पिंपळाजवळच्या मोकळ्या जागेत सर्वधर्म प्रार्थना होते. कुणीही बसू शकतं. साडेपाचलाच आवारात या. जेवण साधं आणि लवकर असतं. आठ वाजता भूक लागेल असं धरून येऊ नका.

वर्धा नदी ओलांडताना

सेवाग्रामहून अमरावतीला जायला पुलगाव-धामणगाव-चांदूर रेल्वे हा रस्ता बहुतेक जण धरतात. मी आर्वीवरून कौंडण्यपूरचा सांगेन. वर्धा नदीच्या उंच काठावर रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव मानलं जातं आणि दर आषाढीला इथून तिची पालखी पंढरपूरला जाते. एरवी गाव शांत असतं. देवळामागून नदीचं पात्र लांबवर दिसतं.

ही नदी जुनी सीमा आहे. अलीकडे नागपूरकरांचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड, आणि ताटातही ते जाणवतं. अलीकडे भाताचा मान मोठा: वडाभात हा इथला खरा सणाचा पदार्थ. मिश्र डाळी भिजवून, जाडसर वाटून केलेले वडे गरम भातावर कुस्करायचे आणि त्यावर लाल मिरच्या-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची, सोबत कढी. कुणी घरी बोलावलं आणि "वडाभात करू का?" असं विचारलं तर पुढचा कार्यक्रम रद्द करा. पलीकडे गेलं की भात मागे सरतो, ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी, ठेचा पुढे येतात.

अमरावतीत दुपारी पोचाल. इथे गिलावडा खायचा: भिजलेला मऊ वडा, वर दही, चिंचेचं पाणी, तिखट. चार वाजल्यानंतर गाड्यांवर ताजा मिळतो. अंबादेवीचं दर्शन घ्या, गाडीची टाकी भरा आणि अंधार पडायच्या आत परतवाडा गाठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या रस्त्यांवर कापसाने फुगलेल्या गाड्या असतात, कापूस दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला असतो की मागचा दिवा दिसत नाही. बैलगाडीला तर दिवाच नसतो. रात्री चालवू नका, हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

परतवाडा, चिखलदरा, मेळघाट: इथे दोन रात्री द्या

अचलपूर आणि परतवाडा ही जोडगावं. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, १४९० साली उभ्या राहिलेल्या इमादशाहीची राजधानी, आणि परतवाडा ही इंग्रजांच्या काळातली त्याची छावणी. याच अचलपुरातून मूर्तिजापूर मार्गे यवतमाळपर्यंत शकुंतला नावाची अरुंद रुळांची गाडी धावायची. आता ती बंद आहे. अचलपूरचं स्टेशन पाच मिनिटं थांबून बघून या. जवळच, मध्य प्रदेशच्या हद्दीत, मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरं आहेत. पायऱ्या पुष्कळ आहेत, अर्धा दिवस हाताशी असेल तरच जा.

परतवाड्यात चार कामं उरका: पेट्रोल, रोख पैसे, भाजी-मसाला आणि घरी फोन. पुढे डोंगरात मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

परतवाड्याहून चिखलदरा साधारण ३० किलोमीटर. घाट चढताना काच खाली करा, साग संपून हवा बदलते तो क्षण अंगाला कळतो. गाव १,११८ मीटर उंचीवर आहे. हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ साली ही जागा हेरली आणि मग इंग्रजांचे बंगले उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक सांगत आले आहेत की भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं. भीमकुंड दाखवतात ते त्याचंच. इथे कॉफीची लागवडही आहे, महाराष्ट्रात हे दृश्य दुर्मीळ.

राहायला जुनं विश्रामगृह मिळालं तर व्हरांड्याकडची खोली मागा. हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी पडते आणि जुन्या उंच छताच्या खोल्या लवकर गार होतात, स्वतःची चादर-कांबळ गाडीत असू द्या. जेवण दुपारी बाराच्या आतच सांगा. इथे भाजीसाठी खाली परतवाड्याला जावं लागतं, म्हणूनच सामान बरोबर आणायला सांगितलं.

सकाळी मोथा गावाकडे जा. गवळ्यांची वस्ती असल्यामुळे दूध, खवा आणि रबडी चांगली मिळते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या दिसतात. विदर्भात स्ट्रॉबेरी पिकते हे पुष्कळ नागपूरकरांनाही ठाऊक नसतं. मोलभाव करण्याआधी शेतात वाकून फळ तोडणाऱ्या बाईच्या हाताकडे एकदा बघा.

मग गाविलगड. बहमनी राजा अहमदशाह याने १४२५ साली तो बांधवला, इमादशाहीत त्याची डागडुजी झाली. दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आणि हत्तींवर स्वार झालेले सिंह कोरलेले आहेत. तटाची लांबी पाहता पाहता सकाळ जाते. या किल्ल्याचा शेवट १५ डिसेंबर १८०३ रोजी झाला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी उत्तरेच्या बाजूने तोफा चढवून तट फोडला, किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. त्याच्या आधी २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या अडगावला लढाई झाली होती, किल्ला पडल्यावर दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांचा तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा. मराठ्यांच्या हातून वऱ्हाडाची सत्ता कशी गेली, त्याची जवळजवळ सगळी ठिकाणं तुमच्या पुढच्या दोन दिवसांच्या रस्त्यावर आहेत. आत पाणी मिळत नाही. दोन लीटर प्रत्येकी न्या, आणि गवत उंच असेल तर वाटाड्याशिवाय आत खोल जाऊ नका, हे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे.

दुसरी रात्र कोलकासला मिळाली तर फेरीतला सगळ्यात सुंदर मुक्काम तोच. सिपना नदीच्या वळणावर, उंच काठावर विश्रामगृह आहे, खाली पाणी, पलीकडे साग. मेळघाट १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघ दिसेल या आशेने येऊ नका, इथली झाडी दाट आणि डोंगर उभे आहेत. अस्वल, रानगवा, सांबर, मोर दिसतात. कोलकासला वनविभागाचे हत्ती आहेत. रात्रीच्या जेवणाचं सेमाडोहवरून जातानाच सांगावं लागतं. ही कोरकूंची भूमी. कुटकीचा भात, कोवळ्या रानभाज्या, मोहाची फुलं हे त्यांच्या घरातलं अन्न आहे. कुणी प्रेमाने ताटात वाढलं तर मनापासून खा. पण कुणाच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका आणि घराच्या कुडाच्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा.

अंजनगाव, अकोट आणि रोडगे

चिखलदऱ्याहून खाली परतवाड्याला या आणि अंजनगाव सुर्जीचा रस्ता धरा. या पट्ट्यात नागवेलीचे मळे आणि पानपिंपळी आहे, बाहेरून उंच हिरवी भिंत दिसते, आत सावली. मळेवाल्याला विचारून आत जाता येतं, चपला बाहेर काढायच्या.

आता रोडग्यांविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण ते हॉटेलात शोधून सापडत नाहीत. हिवाळ्यात या रस्त्यांवर एखाद्या मारोतीच्या देवळाजवळ निळसर धूर आणि बसलेल्या पंगती दिसतील. तो भंडारा असतो. गाडी बाजूला घ्या, पाय धुवा आणि पंगतीत बसा, कोण कुठले असं कुणी विचारत नाही. मागच्या बाजूला गोवऱ्यांचा लांब हार पेटवलेला असतो. गव्हाची कणीक रव्यासारखी जाडसर दळलेली. तिच्या छोट्या जाड चांदक्या करतात, मधे तेल लावून तीन-चार एकावर एक ठेवतात आणि सगळ्यांवरून कणकेचंच आवरण ओढून गोळा बंद करतात. हाराचा जाळ बसला, नुसता विस्तव उरला, की गोळे त्यावर टाकतात. एक म्हातारा बाबा लांब काठीने एकेक फिरवत असतो. बाहेरून काळा पडला तरी तो हलत नाही. मग विस्तव पांगवून गोळे गरम राखेत झाकतात. निघाले की फडक्यात घोळवून राख झाडायची, दोन्ही तळव्यांत दाबायचा. बाहेरचं कडक टरफल फुटतं आणि आतले थर सुटे होऊन वाफ येते. त्यावर तूप. सोबत काळ्या मसाल्याची आलू-वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. वांगी देठासकट असतात, देठ टाकू नका, चोखून खा. रोडगा वरणात कुस्करून खाणारे आणि भाजीला लावून खाणारे असे दोन पक्ष आहेत. पहिला अर्धा असा, दुसरा तसा खाऊन तुमचा पक्ष ठरवा.

उठताना दानपेटीत यथाशक्ती टाका आणि वाढणाऱ्यांना हात जोडा. भंडारा दिसला नाही तर अकोटकडच्या धाब्यांवर दोन-तीन तास आधी फोन करून रोडगे होतील का ते विचारा. चार-पाच माणसं असतील तर बहुतेक ठिकाणी करून देतात.

नरनाळा किल्ला शहानूरच्या बाजूने, वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून. महाकाली दरवाजाचं कोरीवकाम आणि त्यावरचा १४८७चा शिलालेख यासाठी जायचं. दुपारी उशिरा सोडत नाहीत, म्हणून अकोटला आधी न जाता थेट शहानूरला वळा.

शेगाव

संत गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी इथे प्रकटले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, समाधिस्थ झाले. प्रकटदिन, ऋषिपंचमी, रामनवमी आणि गुरुवार या दिवशी मुक्कामाचा नाद सोडा, खोली मिळणं कठीण. इतर दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोचा. संस्थानचे सेवेकरी, तिथली स्वच्छता आणि शिस्त बघण्यासारखी आहे. इतक्या गर्दीत इतकी शांतता मला दुसरीकडे दिसलेली नाही. महाप्रसाद घ्याच. झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी हा महाराजांचा आवडता नैवेद्य, प्रकटदिनाला तो घरोघरी होतो.

कचोरी सकाळी खा, घाण्यातून निघाल्याबरोबर, तळलेल्या हिरव्या मिरचीसोबत. चटणी मागू नका. प्रवासाला बांधून घेतली तर त्याच दिवशी संपवा.

लोणार आणि परतीचा रस्ता

खामगाव, मेहकर मार्गे लोणार. खामगावात चांदीची मोठी बाजारपेठ आहे, वेळ असेल तर डोकवा. या बाजूला जेवताना कळण्याची भाकर मागा. ज्वारीत उडीद मिसळून दळलेली, चवीला खरपूस, सोबत भरीत आणि ठेचा. ठेच्यावर कच्चं फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल घालून घ्यायचं. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली अखंड मूर्ती आहे, १८८८ साली ती खोदकामात सापडली.

लोणारचं विवर उल्का आदळून काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारट आणि अल्कधर्मी. २०२० साली हे सरोवर रामसर यादीत आलं. मुक्काम कडेजवळच्या पर्यटन निवासात करा आणि सकाळी सातला धार नावाच्या झऱ्याच्या बाजूने खाली उतरा, कमळजा देवीपर्यंत जाऊन नऊ-साडेनऊपर्यंत वर या. उन्हात ती चढण जड जाते. गावातलं दैत्यसूदन मंदिर दुपारसाठी ठेवा, बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं फिरत फिरत बघायला तासभर लागतो.

परतीला एक दिवस जास्त असेल तर सिंदखेडराजा करा. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा इथे आहे. १२ जानेवारीलाच गेलात तर गाडी गावाबाहेर लांब लावावी लागते.

नागपूरला परत समृद्धी महामार्गाने, मेहकर किंवा सिंदखेडराजाच्या नाक्यावरून चढता येतं. चढण्याआधी टायरमधली हवा तपासा, सरळ सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगाने टायर तापतात. वेगमर्यादा मोटारींना ताशी १२० आहे, पण ती गाठायची सक्ती नाही. दुचाकीला परवानगी नाही. पोटभर जेवून आणि टाकी भरूनच चढा, कारण वाटेत थांबे कमी आहेत. दर तासाला चालकाशी कुणीतरी बोलत राहा, हा रस्ता डोळ्यावर झोप आणतो. लोणारहून सकाळी दहाला निघालात तर दुपारी नागपुरात असाल, आणि त्या दिवशी सांगून ठेवायचा शेवटचा फोन आधीच केलेला असू द्या: ओळखीतल्या कुठल्याही नागपुरी घरी, सांबारवडी आणि कढीसाठी. पारी लाटायला आणि सारण भरायला त्यांना तीन तास लागतात.